शेळीच्या हिशेबानं घेतलेली गोळी

हिवरखोरी, ता. भूम
सोमवार, शेळ्या रानात गेल्यावर

लोहाऱ्याच्या दाजींच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा गोरोबा याचा वाकून नमस्कार. (खरं म्हणजे वाकलेलो नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर काही दिवस वाकायचं नाही असं सांगितलंय, म्हणून नमस्कार ताठ मानेनंच घातलाय. पण तुम्ही तो वाकलेलाच धरावा.) तुमची, आक्काची, दोन्ही म्हशींची आणि बांधावरच्या शेजाऱ्याची तब्येत ठीक असावी. शेजाऱ्याची चौकशी मुद्दाम करतोय. तो धडधाकट असला म्हणजे तुमचं भांडण नीट चालतं आणि भांडण नीट चाललं की तुमचा दिवस चांगला जातो, असं आक्काच सांगते. प्रेशरच्या दुखण्यात तुम्ही माझ्याहून कितीतरी वर्षं वडील, तेव्हा तुमच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच. पण फोनवर विचारलं की तुम्ही ‘मला काय धाड भरलीय’ म्हणता, आणि त्याच्यापुढं काय विचारावं ते मला सुचत नाही. आमच्याकडं घरच्या कारभारणीची, प्रेमाबाईची, कंबर सोडली तर बाकी सगळं ठीक. सूनबाई वर्षाराणी खुशाल, पोरगा पुण्याला कंपनीत खुशाल, आणि करडं तर इतकी खुशाल आहेत की परवा वाळत घातलेल्या माझ्या धोतराचा काठ त्यांनी चवीनं खाल्ला.

मागच्या आठवड्यात तुम्ही आणि आक्का लोहाऱ्याहून एस.टी. बदलत बदलत माझा डोळा बघायला आलात, सोबत खव्याचे पेढे आणलेत, त्याबद्दल काय बोलू. पण पेढा तोंडात असतानाच तुम्ही विचारलंत की पिकलेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इतके महिने का लागले, दवाखान्यानं दोन वेळा परत का पाठवलं? खोलीत भावकीतली चार माणसं बसली होती. मी म्हणालो, सरकारी कारभार दाजी, लई हाल केले. झालं. तुमची मान वर झाली. तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून तुम्ही रिटायर झालात, पण तुमचा उजवा हात अजून नोकरीवर आहे, हे मी त्याच वेळी ओळखायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणालात, अर्ज टाकतो. मला वाटलं, पाहुणा बोलतो तसं बोलताय. आता आक्काचा फोन आला की तुम्ही फुलस्केप कागद आणलेत, वर ‘विषय’ म्हणून खाली दोन रेघाही मारल्यात, आणि त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काय हे मला विचारायला सांगितलंय. दाजी, तो अर्ज टाकू नका. का टाकू नका ते फोनवर सांगता येत नाही, कारण आक्का फोन स्पीकरवर लावते आणि तुमचा शेजारी भांडण थांबवून ऐकतो. म्हणून हे पत्र. एका माणसानं किती प्रकारे गाढवपणा करावा याचा यात सविस्तर पंचनामा आहे, आणि पंचनाम्याची तुम्हाला सवय आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, माझा सगळा धंदा डोळ्याचा. भूमच्या बाजारात शेळी मागून चालत गेली तरी ती वयानं दोन दाती की चार दाती ते मी सांगायचो, आणि बाजारातली माणसं सौदा करण्याआधी ‘गोरोबाला दाखवा’ म्हणायची. (ही बढाई नाही. बढाई मी पुढं मारणार आहे, तेव्हा सांगीन.) त्याच डोळ्यावर हळूहळू साय धरली, दुसरा तर आधीपासूनच मंद. मी कुणाला बोललो नाही. उजेड कमी पडतोय, धुरळा लई आहे, चष्म्याची काच खराब आहे, अशी कारणं सांगत राहिलो. मग एकदा बाजारातून मोठ्या ऐटीत एक गाभण शेळी घेऊन आलो. वर्षाराणीला सांगितलं, जुळं होणार, पोट बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळीनं टोपलीभर लेंड्या टाकल्या आणि तिचं गाभणपण उतरलं. विकणाऱ्यानं तिला धान्य चारून फुगवली होती. पूर्वी असली शेळी मी लांबूनच ओळखली असती. गावात आठवडाभर माझी चेष्टा झाली, आणि कुणी पोट सुटलेला माणूस दिसला की लोक मला विचारायचे, गोरोबा, हे गाभण आहे का बघा. हसण्यावारी नेलं, पण दाजी, खरं सांगतो, त्या दिवसापासून मला भीती बसली. शेळ्या बघता येत नसतील तर मी करायचं काय? दुसरं मला काही येत नाही.

वर्षाराणीनं मग वाद न घालता दवाखान्यात नेलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन केलं की दिसंल. मी तिथल्या तिथं आडवा व्हायला तयार होतो. पण सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि पुन्हा भरली. सौद्यात समोरचा माणूस दोनदा दात बघायला लागला की समजावं काहीतरी चुकलंय. वरचा आकडा एकशे नव्वदच्या घरात होता. मला तर काहीच होत नव्हतं. ना डोकं दुखत होतं, ना छातीत धडधड. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, एवढ्या प्रेशरवर डोळ्याला हात लावणार नाही, डोळा हातचा जाईल, आधी हे खाली आणा. आणि पलीकडच्या खोलीत शिवांजली मॅडमकडं पाठवलं. (याच त्या. यांचंच नाव तुम्हाला पाहिजे होतं. अर्जासाठी दिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवावं.)

मॅडमनी एक गोळी लिहून दिली. रक्ताच्या नळ्या आवळलेल्या असतात त्या ही सैल करते, म्हणाल्या. रोज एक, रोज ठरल्या वेळेला, अख्खी, पाण्यासोबत. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही. चक्कर आली, पाय सुजले तर येऊन सांगायचं. मी प्रत्येक वाक्याला व्हय मॅडम म्हणत होतो आणि मनात मात्र शेळीचा हिशेब चालू होता. आमच्याकडं औषध वजनावर असतं. जंताचं औषध एवढ्या किलोला एवढं, बांबूच्या नळीनं पाजलं की झालं. मी तर वजनानं साधारण दोन धडधाकट शेळ्या. दोन शेळ्यांना रोज उठून औषध, आणि तेही जन्मभर? असं कुठं असतं का? आम्ही शेळी रवंथ करायला लागली की औषध बंद करतो. गावातली निम्मी जनावरं माझ्या हातून बरी झालीत, डॉक्टर यायच्या आधी लोक मला बोलावतात. (ती मघाची बढाई ही.) एवढ्या अनुभवाच्या माणसाला एका बारक्या गोळीनं काय शिकवावं?

तेव्हा गोळ्या पंधरा-वीस दिवस मुकाट्यानं घेतल्या, गावातल्या आरोग्य केंद्रात पट्टा बांधून पाहिला, आकडा झकास आला, आणि मी रवंथ करायला लागलो असं समजून गोळी बंद केली. इथं मला तुमचीही आठवण झाली होती हे सांगायला पाहिजे. पुतणीच्या लग्नात पंगतीला आपण शेजारी बसलो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात की प्रेशरची गोळी म्हणजे जावई, एकदा घरात घेतला की उठायचं नाव नाही, म्हणून बरं वाटलं की त्याला मानानं निरोप द्यावा. (हे खुद्द आमच्या घरच्या जावयानं सांगितलं, म्हणून मला जास्तच पटलं.) मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही नसतं सांगितलं तरी मी हेच केलं असतं, फक्त एवढ्या आत्मविश्वासानं केलं नसतं. ऑपरेशनच्या दिवशी आंघोळ करून, देवाला नारळ ठेवून गेलो. पट्टा बांधला. आकडा पहिल्यापेक्षा वर. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे ना? मी म्हणालो, चालू आहे. आणि घरी येऊन प्रेमाबाईला म्हणालो, मशीन बिघडलंय त्यांचं. दवाखान्यानं पहिल्यांदा परत पाठवलं ते हे असं, दाजी. अर्जात हा मुद्दा घेता येणार नाही.

गोळी पुन्हा चालू केली. आता खरंच रोज घेत होतो, कारण डोळ्याची साय वाढत चालली होती आणि मला आता शेळ्यांची नावंसुद्धा आवाजावरून घ्यावी लागत होती. पण आठ-दहा दिवसांत पाय सुजायला लागले. संध्याकाळपर्यंत घोटा दिसेनासा व्हायचा, चपलेचा पट्टा काढला की तिथं खोल वण. बोट दाबलं की खड्डा. हे मॅडमला सांगायला पाहिजे, हे मला कळत होतं. पण सांगितलं तर त्या तपासण्या सांगतील, तारीख पुढं जाईल, म्हणून गप्प बसलो. त्याऐवजी कडुलिंबाचा पाला वाटून लावून, उरलेला तसाच पायाला बांधून, दुपारी खाटेवर पडायचो. लिंबाचा पाला म्हणजे शेळ्यांचा जीव की प्राण, हे मला पन्नास वर्षं माहीत आहे, पण स्वतःचं औषध करताना माणसाला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा दोन तरण्या शेळ्या माझ्या पायाशी उभ्या राहून उपचार खात होत्या. वर्षाराणीनं फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. मग मी दुसरा शोध लावला. गोळी एक दिवसाआड घ्यायची. पाय उतरले. दोन दिवसांआड घ्यायला लागलो, आणखी उतरले. मला वाटलं, आपण डॉक्टरकीत नवीन वाट काढली. पाय तेवढे सुधारले, आत प्रेशर काय करतंय हे बघायची मला गरज वाटली नाही.

ऑपरेशनची दुसरी तारीख आली तेव्हा पाकिटात बऱ्याच गोळ्या शिल्लक दिसल्या. एवढ्या उरल्या म्हणजे आकडा पुन्हा वर जाणार आणि पुन्हा परत पाठवणार. तेव्हा सकाळी उठून मी ठरवलं की चुकलेल्या भरून काढाव्यात. आमच्याकडं लसीकरणाच्या दिवशी एखादी शेळी रानात राहिली तर नंतर धरून टोचतोच की. मी तीन गोळ्या घेतल्या, खलबत्त्यात चुरल्या (कडू औषध शेळीला कसं देतात? गुळातून), वर गुळाचा खडा कालवला आणि चाटून टाकल्या. वर गरम चहा. आणि वडापच्या जीपमध्ये प्रेमाबाईशेजारी बसून उन्हातून निघालो. रस्ताभर मी खुशीत होतो, आज आकडा असा काही खाली आणतो की मॅडमनी विचारावं, बाबा हे केलं कसं.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बसून नंबरची वाट बघत होतो. माझं नाव पुकारलं आणि मी एखाद्या पैलवानासारखा एका झटक्यात उठलो. पुढं काय झालं ते मला लोकांनी सांगितलं. मी भिंत समजून सलाईनच्या रिकाम्या स्टँडला धरलं. स्टँडला चाकं होती. आम्ही दोघं मिळून चार पावलं गेलो आणि एका म्हातारीच्या भाकरीच्या गठुड्यावर कोसळलो. म्हातारी शांत होती म्हणे. तिनं एवढंच सांगितलं की खाली ठेचा आहे, डोळा जपा. हे सगळं आठवून आता घरात हसतात, मीही हसतो. त्या वेळी मात्र हसण्यासारखं नव्हतं. अंगाला घाम फुटला होता, कानात भुंगा, आणि एका डोळ्यावर साय तर दुसऱ्यापुढं अंधारी. मला स्ट्रेचरवर टाकून पाय वर केले, सलाईन लावली, छातीला तारा चिकटवल्या. जे प्रेशर उतरवायला मी धडपडत होतो ते आता वर यावं म्हणून चार माणसं धावत होती. मला प्रेमाबाईचा चेहरा दिसत नव्हता. फक्त तिचा हात माझ्या मनगटावर होता.

मॅडमनी विचारलं, सकाळी किती गोळ्या घेतल्या? मी अशा अवस्थेतही म्हणालो, एक. प्रेमाबाईनं खलबत्ता बघितला होता. तिनं तो सांगितला, गूळ सांगितला, पायाचा पाला सांगितला, बंद केलेली गोळी सांगितली, सगळं. इतके दिवस मला वाटत होतं हिला काही माहीत नाही. आणि मग ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली,

“डोळा न्हाय आला तरी चालंल मला. म्या दावीन रस्ता. पन तुमी घरला चला.”

दाजी, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या बाईनं माझ्यासमोर असं बोलल्याचं मला आठवत नाही. ती कधी बोललीच तर शेळ्यांच्या चाऱ्याबद्दल बोलते. मला लाज वाटली. फार वाटली. डोळा वाचवायच्या नादात मी तिला विधवा करायला निघालो होतो, आणि तेही गुळातून.

जरा सावरल्यावर मी मॅडमना माझं शेळीचं गणित समजावून सांगितलं, वजनासकट. वाटलं, हसतील आणि सोडून देतील. त्या हसल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या की ही गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळावी अशी बनवलेली असते. ती चुरली की दिवसभराचं औषध एका दमात रक्तात उतरतं, आणि मी तर तीन दिवसांचं उतरवलं होतं. नशीब म्हणून गठुड्यावर पडलात, म्हणाल्या, पायऱ्यांवर पडला असता तर? जंत एकदा मारले की मरतात, प्रेशर मरत नाही, त्याला रोज धरून ठेवावं लागतं. गोळीनं आकडा खाली आला याचा अर्थ गोळी काम करतेय, दुखणं गेलं असा नाही. आणि प्रेशर वर असताना माणसाला काही जाणवत नाही, हीच त्याची खोड, ते बाहेर दिसतं तेव्हा अर्धांग नाहीतर हृदयाचा झटका होऊन दिसतं. मग माझे पाय बघितले, बोटानं दाबून बघितले.

“पाय सुजले तर मला सांगायचं, बाबा,” त्या म्हणाल्या. “शेळ्यांना नाही.”

ह्या गोळीनं काही जणांचे पाय सुजतात, म्हणाल्या, त्यात नवल नाही. त्यावर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, पण ते ठरवायचं त्यांनी. माझं काम सांगणं. मग सगळं खणून काढलं. गुडघ्यासाठी मी मेडिकलमधून विचारल्याशिवाय आणून खातो त्या गोळ्यांनी प्रेशर वाढतं, हे मला तिथं कळलं. पापड, लोणचं, खारे दाणे कमी करायला सांगितले. दुसरी कुठलीही गोळी, काढा, चूर्ण घ्यायच्या आधी विचारायचं. शेवटी म्हणाल्या, ग्रेपफ्रूट नावाचं एक फळ असतं, ते आणि त्याचा रस घ्यायचा नाही. मी ते फळ जन्मात पाहिलेलं नाही, भूमच्या बाजारात कुणी आणलं तर शेळ्याच खातील. तरी मी मोठा त्याग केल्यासारखा चेहरा करून कबूल केलं. बाकी पथ्यांत माझा पूर्वेतिहास बरा नव्हता, निदान एक तरी पथ्य शंभर टक्के पाळणारा माणूस म्हणून त्यांच्यापुढं उभं राहावंसं वाटलं.

गोळीही बदलून दिली आणि तारीखही नवी दिली. दुसऱ्यांदा परत आलो ते असं. (अर्जात हाही मुद्दा बसत नाही, दाजी. अर्जदारच आरोपी निघतो.) तेव्हापासून आमच्या घरात कायदा कडक आहे. सकाळी धारा काढून झाल्या की चहाच्या आधी गोळी, अख्खी, तांब्याभर पाण्यासोबत. प्रेमाबाई समोर उभी राहते. गिळली म्हटलं तर विश्वास नाही. शेळीला औषध पाजल्यावर तिनं ते गालात धरून ठेवलंय का हे बघायला आपण जबडा उघडतो ना, तसा माझा जबडा उघडून ती जिभेखाली बघते. पहिल्या दिवशी मी चिडलो. तर म्हणाली, तुमीच शिकवलंय. एकदा बाजाराच्या गडबडीत सकाळची गोळी राहिली, दुपारी आठवली तेव्हा घेतली, आणि दुसऱ्या दिवशी एकच. खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडून बसतो, मग उभा राहतो. वर्षाराणी म्हणते, सासरे आता गावच्या पुढाऱ्यासारखे उठतात. असो.

ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, मग खिडकी, मग खिडकीशी उभी प्रेमाबाई. तिचे केस इतके पांढरे झालेत हे मला माहीतच नव्हतं. सायीच्या आडून मला ती अजून काळ्या केसांची दिसायची. मी तिच्याकडं बघत राहिलो. तिला वाटलं, दुखतंय.

तर दाजी, ही सगळी हकीकत. कागदावरच्या त्या दोन रेघा पुसा, आणि लिहायचंच असेल तर दवाखान्याला आभाराचं पत्र लिहा, तुमच्या अक्षरात ते शोभून दिसेल. आक्काला नमस्कार, म्हशींना चारा, शेजाऱ्याला राम राम. पत्रातल्या ओळी तिरक्या गेल्या असतील तर तो दोष हाताचा आहे, डोळ्याचा नाही, डोळा आता उत्तम आहे.

तुमचा,
दोन शेळ्यांच्या वजनाचा मेहुणा,
गोरोबा

ता. क. डोळा उत्तम आहे असं वर लिहिलं ते उगाच नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासमोर खुर्चीवर बसून, चपला काढून पाय लांब केलेत. भावकीतली माणसं माझ्या डोळ्याकडं बघत होती आणि मी तुमच्या पायांकडं. पुतणीच्या लग्नात तुमचे पाय सुजलेले होते, तुम्ही चपलेचे पट्टे सोडून हिंडत होता, आणि गोळीमुळं होतंय असं म्हणालाही होता. आता ते पोरासारखे सडसडीत. घोटा स्वच्छ दिसत होता. पाय असे कसे उतरतात हे मला ठाऊक आहे, मी उतरवलेत. तरी वाटलं, डॉक्टरांनी गोळी बदलली असेल, उगाच संशय नको. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हशींकडं गेल्यावर आक्काला फोन केला. ती आधी म्हशींचं सांगत बसली. मग रडली. दिवाळीपासून गोळी बंद आहे, पट्टा बांधू देत नाहीत, विषय काढला की जेवणावरून उठतात, म्हणाली.

ता. क. दुसरं. धाकट्या मेहुण्यानं दाजींना शिकवावं असा आपल्यात रिवाज नाही, आणि भावकीसमोर तर नाहीच. म्हणून एवढी पानं माझ्याच मूर्खपणानं भरली. त्यातला तुमच्या मापाचा असेल तेवढा तुम्ही उचलून घ्यावा. पण हे पत्र वाचून एकदम हुशारी करू नका. राहिलेल्या गोळ्या काढून आज घेऊ नका, जुन्या पाकिटातल्या नकोत, कुणाच्या उसन्या नकोत. आधी डॉक्टरांना खरं खरं सांगायचं, पायासकट. गोळी कुठली आणि किती, ते ठरवू द्या त्यांना. मी बुधवारी सकाळच्या एस.टी.नं लोहाऱ्याला निघतोय, आपण तिघं मिळून दवाखान्यात जाऊ. तुम्ही मला शिव्या दिल्यात तरी चालेल, रस्ता मोठा आहे.

ता. क. शेवटचं. हे पत्र आक्काच्या सांगण्यावरून लिहिलंय, पण ते मी तुम्हाला सांगितलं हे तिला कळू देऊ नका, तिनं शपथ घातलीय. दाजी, आक्का तुमच्या घरी आली त्याला आता चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तिनं माहेराकडं कधी काही मागितलं नाही. दिवाळीची साडीसुद्धा, कशाला रे आणलीस, म्हणत घेते. परवा फोनवर तिनं पहिल्यांदा मागितलं, आणि तुम्हाला मागितलं. मी व्हय म्हणून बसलोय. बुधवारी तयार राहा.